बंद न होणारा माईक

हॅलो, हॅलो... दचकू नका मित्रांनो, टेस्टिंग चाललेलं नाही. मी एक जुना माईक आहे आणि आज जन्मात पहिल्यांदा स्वतःचं बोलतो आहे. आजवर बोललो ते सगळं परक्याचं. कुणाचं भाषण, कुणाचं गाणं, कुणाची मांडवात हरवलेली चप्पल. तेव्हा मधेच अडखळलो तर सांभाळून घ्या. तशी माझी गोष्टही अडखळणाऱ्या एका मुलीचीच आहे.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. पोटात पातळ पडदा, त्याला बारीक तारेचं वेटोळं, डोक्यावर पोलादी जाळी आणि गळ्यावर एक काळं बटन. जळकोटचे गुंडप्पा साऊंडवाले हैदराबादला सामान आणायला गेले होते. त्यांनी दुकानातच मला दोन फुंकरा मारल्या, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हा चांगला बोलतो." त्या एका वाक्यावर मी मराठवाड्यात आलो.

काय दिवस होते ते! लग्नं, बारशी, जयंत्या, ग्रामसभा, शाळेची संमेलनं. गुंडप्पा मला रेक्झिनच्या पेटीत, पिवळ्या फडक्यात गुंडाळून नेत. कुणी पोरानं हात लावला की ओरडत, "ए, बाजूला हो! लेकरू हाय ते माझं!" माझ्यापुढं उभं राहून माणसं किती बदलतात ते मी पाहिलं. मित्रांनो, एक गोष्ट मला लवकर कळली. भीती आधी श्वासात येते, मग शब्दांत. मोठमोठे पुढारीसुद्धा बोलण्याआधी घोट गिळतात. तो घोट तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतो.

पुढं एका लग्नात नवरदेवाच्या मामांना गाण्याची हुक्की आली. सूर चढवताना त्यांनी मला असं झोकात फिरवलं की मी हातातून सुटलो आणि थेट स्टेजच्या लोखंडी पायरीवर आपटलो. जाळीला पोचा आला आणि बटन 'चालू'वरच अडकून बसलं, ते कायमचं. तेव्हापासून मला गप्प करायचं तर अँप्लिफायर बंद करावा लागतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान, असं मी तेव्हा समजत होतो.

मग बिनवायरचे माईक आले, डीजे आला. गुंडप्पांनी मला वायरींच्या पोत्यात टाकलं. पेटीत मिरवलेल्या मला आता पालींची सोबत. "लेकरू हाय माझं" म्हणणारा माणूस पोत्याला पाय लागला तरी वाकून बघेना. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एके वर्षी आषाढ पौर्णिमेच्या आधी नरसिंगकाका दुकानात आले. जळकोटजवळच्या एका गावात बुद्धविहार आहे, त्याची देखभाल तेच बघत. आषाढापासून अश्विनापर्यंत वर्षावास असतो. त्या काळात विहारात रोज ग्रंथवाचन होतं आणि ते भोंग्यावरून गावाला ऐकवतात. विहाराचा माईक बिघडला होता. गुंडप्पांनी पोत्यात हात घातला, मला बाहेर काढून पुसलं आणि म्हणाले, "न्या. फक्त ह्याचं बटन चालत न्हाई, तेवढं ध्यानात ठेवा." असा मी पुन्हा कामाला लागलो.

आता ह्या नरसिंगकाकांची ओळख करून दिली पाहिजे. ते रेल्वेत गेटमन होते, नांदेडकडच्या एका फाटकावर. निवृत्त होऊन गावी आले तरी त्यांच्यातला गेटमन काही निवृत्त झाला नाही. विहारात चपला ओळीत नसल्या तरी त्यांचं एकच वाक्य. "गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. शिस्त म्हंजे शिस्त!" अख्खं गाव त्यांना टरकून असे, आणि पाठीमागं एक गोष्ट बोलत असे. त्यांची बायको गयाबाई अचानक आजारी पडली, निरोप धाडला, तरी काका वेळेवर आले नाहीत. आले तेव्हा सगळं संपलं होतं. "बायकोपरीस नोकरी प्यारी," बाया म्हणत. काकांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही.

ग्रंथ वाचायला होती बुद्धप्रिया. कोंडाबाईची लेक, नुकतीच बी. ए. झालेली. तिनं मला पहिल्यांदा हातात धरलं तेव्हाच मी ओळखलं, हा आवाज माझ्यासाठीच घडलाय. स्वच्छ, ठाम, कुठं घाई नाही. म्हातारी माणसं ओट्यावर बसून मान डोलवत.

पण दिवे गेले की तीच मुलगी बदलायची. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी येते यापेक्षा कधी जाते हेच लोकांना पाठ. वाचन संपून माणसं घरी गेली की विहार झाडून किल्ली द्यायचं काम तिच्याकडं. लाईट गेलेली असली की ती मला पुन्हा हातात घ्यायची, ओढणीच्या गाठीतून घडी घातलेले कागद काढायची आणि स्वतःची गोष्ट वाचायची. तिच्या हिशोबानं लाईट नाही म्हणजे मी मेलेला. गावात सगळ्यांचाच हिशोब तो होता.

स्वतःची गोष्ट वाचताना हिचा श्वास दोन शब्दांत तीनदा तुटायचा! आणि त्या गोष्टी तरी कसल्या? पहिल्या गोष्टीत एक गोरापान मुलगा समुद्राकडं बघत कॉफी पीत होता. समुद्र तिनं पाहिला नव्हता, मीही नाही. दुसऱ्या गोष्टीतले नवराबायको पाव-लोणी खात खात घटस्फोटाची चर्चा करत होते. मला जांभई देता येत नाही, नाहीतर दिली असती. शिवाय एकाही गोष्टीला शेवट नव्हता. शेवट आला की गोष्ट कुणाला तरी दाखवावी लागते. अर्धी राहिली की कसं, "अजून झाली नाही" म्हणून झाकून ठेवता येते.

नांदेडला एका सभागृहात कथाकथनाचा कार्यक्रम होता. तिच्या कॉलेजातल्या सुकन्या मॅडम तो भरवत होत्या. एकदा त्यांचा फोन विहारातच आला. मॅडमचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू गेलं.

"बुद्धप्रिया, नाव टाकू का तुझं? अट एकच. गोष्ट तुझी पाहिजे आणि पूर्ण पाहिजे."

"मॅडम, माझी गोष्ट अजून..."

"अगं, दोन वर्षं झाली ऐकतेय तुझं 'अजून'. या रविवारपर्यंत हो की नाही ते सांग. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही."

फोन ठेवून ती विहार झाडायला लागली. तेवढ्यात कोंडाबाई तिला शोधत आल्या. लेकीनं त्यांना सगळं सांगितलं, आणि एका नव्या गोष्टीबद्दलही सांगितलं. समुद्राची नाही, गावातलीच. झालं असं होतं, की एका संध्याकाळी ती किल्ली द्यायला नरसिंगकाकांच्या घरी गेली. काका परसात शेळ्यांच्या गोठ्यामागं उभे होते. अंगात जुना निळा शर्ट, हातात रेल्वेची हिरवी झेंडी. समोर बोराटीचं कुंपण, दुसरं काही नाही. जळकोटला रेल्वेच नाही, तर गाडी येणार कुठून? तरी काका ताठ उभं राहून झेंडी दाखवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती आवाज न करता मागं फिरली आणि दाराच्या कडीला किल्ली अडकवून आली. तेव्हापासून ते चित्र तिला झोपू देत नव्हतं.

कोंडाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बाई! दुसऱ्याच्या परसातलं चव्हाट्यावर मांडतीस? त्या माणसाला कळलं तर? आपल्याला ह्याच गावात ऱ्हायचंय पोरी. तुझ्या त्या समुद्राच्याच लिही की!"

"समुद्राचं मला येत न्हाई, आई."

"मंग लिहूच नको."

माय मायेपोटी बोलली, पण लेकीच्या मनातलीच भीती बोलली. मित्रांनो, गोष्ट लिहिणाऱ्याला खरी भीती चुका होण्याची नसते. ज्यांच्यावरून गोष्ट सुचली ती माणसं काय म्हणतील, त्याची असते. बुद्धप्रियानं तरी ती लिहिली. गेटमनचं नाव दगडोबा ठेवलं, शेळ्यांच्या गाई केल्या, आणि शेवट मात्र नेहमीसारखा सोडून दिला.

शनिवार उजाडला. आदल्या दिवशी वाचनाच्या ऐन मध्यात लाईट गेली होती, म्हणून नरसिंगकाकांनी सकाळीच गावातल्या मल्लेशच्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून कपाटातल्या अँप्लिफायरला जोडली आणि कपाटाचं दार लोटून घेतलं. त्या दिवशी नेमकी वाचनभर लाईट राहिली. त्यामुळं बॅटरीची आठवण ना काकांना राहिली, ना कुणाला. वाचन संपलं, माणसं गेली, काकाही नेहमीच्या घाईनं, अँप्लिफायर चालूच ठेवून, घरी गेले आणि मग लाईट गेली.

बुद्धप्रियानं पंखा थांबलेला पाहिला. रविवार उद्यावर आला होता. तिनं दार लोटलं, मला उचललं आणि कागद उलगडले. मी जिवंत होतो मित्रांनो! माझ्या पोटातला पडदा थरथरत होता. ओरडून सांगावंसं वाटलं, "पोरी, थांब!" पण मला फक्त दुसऱ्याचं बोलता येत होतं. भोंगा विहारावर नव्हता. तो गावाच्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर, घरांकडं तोंड करून बसवलेला. वाराही उलटा होता. तिला ऐकू आलं असलंच, तरी आपलाच आवाज छातीत घुमतोय असं वाटलं असेल.

ती वाचू लागली.

"दगडोबाच्या फाटकावर निरोप आला तेव्हा ऊन कलत होतं. बायकोनं बोलावलंय, लवकर निघ. दगडोबानं रस्त्याकडं पाहिलं. बदलीचा गेटमन आला नव्हता. फाटक सोडून जावं, तर तिकडं शाळेची पोरं भरलेली जीप थांबलेली आणि इकडून गाडी यायची वेळ झालेली. एका पायानं तो घरी निघाला होता, दुसरा पाय फाटकात होता..."

पहिल्या दोन ओळींत श्वास अडखळला. तिसऱ्या ओळीला मला काहीतरी वेगळं जाणवलं. श्वास बसला होता. तिच्या आवाजात आता ग्रंथवाचनाचा ठामपणा होता आणि शिवाय एक ओल होती. कधी दम खाते आहे ते तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

गावात काय झालं ते मला नंतर बायांच्या बोलण्यातून कळलं. चुलीवरची भाकरी करपली. चावडीजवळचे पत्ते थांबले. नाव दगडोबा असलं म्हणून काय झालं, गावात गेटमन एकच! लेकीचा आवाज ओळखून कोंडाबाई विहाराकडं धावत सुटल्या, तर शेजारणींनी त्यांचा हात धरला. "थांब कोंडाबाई, ऐकू दी." ज्या बाया इतकी वर्षं "नोकरी प्यारी" म्हणत होत्या, त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. आणि नरसिंगकाका? ते परसात होते. झेंडी हातात होती.

"...रोज त्याच वेळेला तो गोठ्यामागं उभा राहतो. रूळ नाहीत, गाडी नाही. तो झेंडी उचलतो आणि..."

इथं बॅटरी बसली. ट्रॅक्टरवाल्यानं टाकून दिलेली बॅटरी ती, दम तरी किती धरणार? भोंगा घरघरला आणि बंद झाला. तसं पाहिलं तर तिचे कागदही तिथंच संपत होते.

बाहेर पावलं वाजली. दार उघडलं तर समोर अर्धं गाव! आधी धापा टाकणाऱ्या कोंडाबाई, मागं बाया, पोरंसोरं, मल्लेश. कुणीतरी म्हणालं, "पोरी, सगळं भोंग्यावर ऐकू आलं की!" बुद्धप्रियाच्या हातात मी होतो. तिनं दुसऱ्या हातातले कागद पाठीमागं लपवले. मग गर्दी दुभंगली आणि नरसिंगकाका पुढं आले. ते सरळ परसातून निघून आले होते. हातातली हिरवी झेंडी तशीच होती, त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. ती झेंडी पाहिली आणि गोष्टीतली झेंडी खरी आहे हे सगळ्या गावाला कळलं.

"काका, माझं चुकलं," तिला एवढंच बोलता आलं.

"बदलीवाला आला न्हवता, हे तुला कुणी सांगितलं?" काकांचा आवाज खरखरीत झाला होता.

"कुणीच न्हाई. मी मनानंच रचलं. मला वाटलं, असंच काहीतरी झालं असंल. उगंच कुणी थांबत न्हाई."

माझ्यासमोर इतकी माणसं येऊन गेली, पण त्या वेळचा काकांचा श्वास मी विसरणार नाही. मग ते ओट्यावर बसले आणि एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग? त्यानं झेंडी उचलली. पुढं काय झालं?"

"मी शेवटच लिहिला न्हाई काका. भ्या वाटलं."

"मलाबी मालूम न्हाई. मी रोज तिथंच थांबतो," काका म्हणाले. "तू सांग."

मागून एक म्हातारी ओरडली, "हाव, सांग गं! अर्ध्यात सोडून आता झोप कशी यायची?"

मित्रांनो, बॅटरी बसली होती, भोंगा मुका होता, मी कुचकामी होतो. तरी तिनं मला तोंडाशी धरलं. कागद मात्र खाली ठेवले. आणि बिनकागदाची, न अडखळता, आपल्या गावच्या बोलीत ती बोलू लागली.

"दगडोबानं झेंडी उचलली. मंग काय सांगू, लांबून शिट्टी वाजली. आली की गाडी! गोठ्यामागून, बोराटीतून, धडधडत आली. डब्यामागं डबे गेले. शेवटचा डबा गेला, लाल दिवा बारीक झाला. दगडोबा रोज इथंच झेंडी गुंडाळून घरात जायचा. आज त्यानं मान वर केली, तर फाटकाच्या पलीकडं बायको उभी. डोक्यावर पदर, हातात डबा. ती म्हणाली, 'आवं, गाडी कवाच गेली. फाटक उघडा की. किती वर्षं झाली, मी हितंच उभी हाय.' दगडोबाच्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्यानं गाडी सोडली, पोरं वाचवली, पण फाटक उघडायचंच राहिलं होतं. त्यानं हँडल फिरवलं. फाटक वर गेलं. ती अलीकडं आली, डबा त्याच्या हातात दिला, म्हणाली, 'खाऊन घ्या,' आणि पुढच्या रस्त्यानं निघून गेली. दगडोबानं लई वर्षांनी पोटभर खाल्लं."

नरसिंगकाकांनी हातातल्या झेंडीकडं पाहिलं. आता कुठं त्यांना ती दिसली. त्यांनी ती सावकाश गुंडाळली आणि म्हणाले, "गाडी गेली की फाटक उघडायचं असतं. साऱ्या गावाला सांगत फिरलो मी!" आणि मग ते हसत हसत रडले, सगळ्यांच्या देखत. एक शेजारीण पुढं होऊन म्हणाली, "भाऊ, आज आमच्याकडं जेवायला या." ही तीच बाई होती, जिची जीभ सगळ्यात तिखट.

त्याच रात्री बुद्धप्रियानं रविवारची वाट न बघता मॅडमला 'हो' कळवलं.

नांदेडला मीही गेलो, तिच्या पर्समध्ये. एसटीत शेजारी कोंडाबाई, आणि मागच्या सीटवर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले नरसिंगकाका. सभागृहातला माईक बिनवायरचा, चकचकीत. मला तिनं टेबलावर ठेवलं. लोकांना वाटलं असेल, हे काय भंगार! तिच्या आधी बोललेले लोक सफाईदार होते. मी तिचा श्वास ऐकत होतो. तिनं एक घोट गिळला, माझ्या पोचा पडलेल्या जाळीला बोट लावलं आणि सुरुवात केली. हसायच्या जागी सभागृह हसलं. फाटक वर गेलं तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. आणि मग अशा टाळ्या पडल्या की मी टेबलावर थरथरलो!

शेवटी एक गृहस्थ उभे राहिले. "ताई, हे पात्र खरं आहे का?"

ती उत्तर देणार तोच मागच्या रांगेतून करडा आवाज आला. "पात्र मी हाय. शेवट तिनं रचलाय." नरसिंगकाका उभे राहिले होते. "पण आता मी त्या शेवटाप्रमाणंच जगून राहिलो."

परतताना एसटीत मुखेड मागं पडलं तेव्हा कोंडाबाई हळूच म्हणाल्या, "पुढची कुणावर लिहिणार हाईस?"

"कामून विचारतीस?"

"न्हाई, माझंबी काई कमी न्हाई झालेलं. फक्त मला जराशी उंच दाखव."

आता मी कायमचा विहारात असतो. बुद्धप्रिया ग्रंथ वाचते आणि आठवड्यातून एकदा तिची स्वतःची गोष्ट होते. ती जाणूनबुजून भोंग्यावर असते आणि तिला शेवट असतो. आपल्यावर लिहील या भीतीनं गावातलं कुणी तिला बघून दार लोटत नाही, उलट लोक बोलावून सांगतात, "आमच्या घरचं बी ऐक."

तेव्हा मित्रांनो, दोन गोष्टी मागतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची वायर पिरगळू नका, जाळी पुसत जा, पोत्यात टाकण्याआधी एकदा फुंकर मारून बघा. आणि तुमच्या शेजारचं कुणी गोष्ट सांगता सांगता मधेच घाबरून थांबलं, तर ती खरी की खोटी, कुणावरची, असं विचारू नका. जवळ सरकून बसा आणि विचारा, "मग, पुढं काय झालं?"

परवा गुंडप्पा आले होते. त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "नवं बटन बसवून देऊ का?"

बुद्धप्रिया आणि नरसिंगकाका एकदमच म्हणाले, "नको!"